आधी अळी बघ, मग माशी

पोरी, तुझी तुती कमरेएवढी वाढली, शेड उभं राहिलं, चॉकीच्या रेशीमअळ्या आणायचा दिवसही ठरला. पाला किती टाकायचा, अळ्या कातेवर कधी बसतात, चुना कधी धुरळायचा हे तुला प्रशिक्षणात शिकवलंय. मला बोलायचंय ते माशीबद्दल. उझी माशीचा फोटो तू तिथल्या भिंतीवर पाहिला असशील. फोटोतली माशी वीतभर मोठी असते आणि हलत नाही. आपल्या जाळीवर बसलेली जेमतेम सेंटिमीटरभर असते, आणि पावसाळ्यात त्याच जाळीवर आणखी चार जातींच्या माश्या बसलेल्या असतात. त्यातली उझी कोणती हे जिला कळतं, तिचे कोष वाचतात.

आपल्याला फवारणीचा मार्गच बंद आहे. रेशमाची अळी हीसुद्धा शेवटी एक कीडच. माशीला लागू पडणारं औषध तिलाही लागू पडतं. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेतली फवारणी वाऱ्याने तुतीवर आली तरी अळ्या पाला सोडतात, मग शेडमध्ये पंप नेण्याचा विचारही नको. शिवाय बांधापलीकडच्या मक्यात जी राखाडी, केसाळ माशी फिरताना दिसते, ती बरेचदा लष्करी अळीचा जीव घेत असते. दिसायला उझीची सख्खी बहीण, घराणंही एकच. शास्त्रज्ञ त्या घराण्याला टॅकिनिड म्हणतात. या माश्या स्वतः फुलातला मध आणि पानांवरचा गोड चिकटा चाटून जगतात, पण त्यांची पिल्लं दुसऱ्या किड्याच्या, बहुतेक वेळा जिवंत अळीच्या, अंगात वाढतात आणि तिला आतून खाऊन बाहेर पडतात. शेडमध्ये ही रीत आपल्या मुळावर उठते, मक्यात तीच आपलं पीक राखते. म्हणून दिसली राखाडी माशी की मार, असं आपल्याला करता येत नाही.

माझं पहिलं सांगणं हे की माशीच्या मागे धावू नकोस, आधी अळी बघ. माशी उडून जाते, अंडं कुठे जात नाही. तिसरी कात पडली की त्या दिवसापासून रोज सकाळी पाला टाकायच्या आधी विजेरी आडवी धरायची आणि अळ्यांच्या अंगावरून उजेड फिरवायचा. उजेड वरून पडला तर काही दिसत नाही. बाजूने पडला की अंगावरचा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. उझीचं अंडं दुधी पांढरं, लांबट, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं. अळीच्या अंगाच्या दोन वळ्यांमधल्या घडीत ते बहुतेक चिकटवलेलं सापडतं. एका अळीवर एक किंवा दोन, माशी फार झाली असेल तर जास्त.

इथे नवीन बायकांची फार धांदल होते. आपण कातेच्या वेळी चुना धुरळतो, त्यामुळे सगळ्याच अळ्यांवर पांढरे ठिपके असतात. अशा वेळी कोंबडीचं मऊ पीस किंचित ओलं करून ठिपक्यावरून हलकेच फिरव. चुन्याचा कण विस्कटतो, त्याचा पांढरा ओघळ होतो. अंडं जागचं हलत नाही. भिंगातून बघितलंस तर अंड्याची कड गुळगुळीत, दोन्ही टोकं गोलसर. चुन्याचा कण वेडावाकडा. हे एकदा डोळ्यांत बसलं की पुढे भिंगाचीही गरज पडत नाही.

अंडं दोन-तीन दिवसांत फुटतं आणि आतला बारीक किडा अळीची कातडी भेदून आत शिरतो. शिरला त्या जागी काळा डाग पडतो. किडा आत राहून त्याच भोकातून हवा घेतो, म्हणून तो डाग भरून येत नाही, उलट वाढत जातो. डागाच्या तोंडाशी अंड्याचं रिकामं टरफल चिकटलेलं दिसलं तर शंकेला जागा उरत नाही. पण काळा डाग दिसला म्हणजे उझीच, असंही धरून चालू नकोस. अंगभर मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसले तर पेब्रिनचा संशय घ्यायचा, आणि त्याचा निवाडा डोळ्यांनी होत नाही, सूक्ष्मदर्शकाखालीच होतो. फ्रान्समध्ये लुई पाश्चरने १८६५ पासून पाच वर्षं या रोगाचा पिच्छा पुरवला. मादी पतंग सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निरोगी अंडीपुंज निवडायची आजची पद्धत त्याच कामातून आली. उझीचा डाग एकटा असतो, मोठा असतो, आणि साध्या डोळ्यांनी दिसतो.

किडा अळीच्या पोटात पाच ते आठ दिवस राहतो. हा हिशेब नीट लक्षात घे, कारण त्यावरून माशी कधी आत शिरली ते उलटं काढता येतं. अंडं चौथ्या अवस्थेत किंवा पाचवीच्या सुरुवातीला पडलं असेल, तर अळी कोष करायच्या आधीच मरते. पाचवीच्या मध्यावर किंवा नंतर पडलं, तर अळी चंद्रिकेवर चढते, कोष विणते आणि किडा कोषाला भोक पाडून बाहेर येतो. अशा कोषाचा धागा सलग उकलत नाही. तो रीलिंगला बाद, व्यापारी बाजूला काढतो. तेव्हा चंद्रिकेवर भोकाचे कोष दिसले की चालू आठवड्यातली जाळी तपासून भागत नाही. पाचव्या अवस्थेच्या मधल्या दिवसांत दार कोणी उघडं टाकलं, जाळी कुठे फाटली, ते आठवायचं.

आता माशीकडे ये. उडत्या माशीची ओळख पटवायच्या भानगडीत पडू नकोस. उझी ट्रॅपच्या गोळ्या पाण्यात विरघळवून पांढऱ्या ट्रेमध्ये खिडक्यांपाशी ठेवतात, त्यात पडलेली माशी घे. चिमट्याने उचल, टीपकागदावर सावलीत सुकू दे. ओली माशी काळीच दिसते, पट्टे दिसत नाहीत, केस अंगाला चिकटतात. सुकली की रंग परत येतो. भिंग दहापट मोठं दाखवणारं हवं. नाशिकच्या सराफ बाजारात सोनार डोळ्याला लावतात तसलं. मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे तेच भिंग धरलं तर फोटोही चांगला निघतो.

आधी पंख मोज. दोन असतील तर माशी, चार असतील तर गांधीलमाशीच्या नाहीतर मधमाशीच्या कुळातलं कोणीतरी. मग अंगाचा रंग. चमकदार हिरवी किंवा निळी असेल तर उझी नाही, ती मेलेल्या जनावरावर बसणारी. गोठा शेडला लागून असेल तर गुरांना चावणारी माशीही जाळीवर येते. तिची सोंड सुईसारखी तोंडातून पुढे आलेली असते, तेवढ्यावरून ती वेगळी काढता येते.

खरा घोळ घरमाशी, मांसमाशी आणि उझी या तिघींत होतो. बहुतेक जण पाठीवरच्या काळ्या पट्ट्यांवर विसंबतात. उझीच्या छातीवर चार उभे काळे पट्टे असतात हे खरं, पण घरमाशीच्या छातीवरही चारच असतात. पट्टे मोजून फार तर मांसमाशी बाजूला पडते, कारण तिला तीन असतात आणि पोटावर काळ्या-राखाडी चौकड्या, ज्या माशी तिरकी केली की जागा बदलल्यासारख्या दिसतात. घरमाशी आणि उझी यांची ताटातूट पट्ट्यांवर होत नाही.

ती होते पोटावर आणि मिशीवर. उझी अंगाने मोठी, नर बारा मिलिमीटरच्या आसपास, मादी दहाच्या. घरमाशी सहा ते आठ. उझीचं पोट मागे निमुळतं होत गेलेलं, पहिला वळा काळा, पुढचे राखाडी, आणि पोटाच्या टोकाकडे ताठ, राठ, काळे केस उभे. घरमाशीच्या पोटाच्या कडा पिवळसर, केस आखूड आणि मऊ. नंतर डोक्यासमोर भिंग धर. दोन डोळ्यांच्या मधोमध आखूड मिशा खाली लोंबतात आणि प्रत्येक मिशीतून केसासारखी एक काडी निघते. घरमाशीची काडी पिसासारखी दोन्ही बाजूंनी केसाळ असते. मांसमाशीची बुडाशी केसाळ आणि टोकाकडे उघडी. उझीची काडी नुसती, उघडी. तीन माश्या टीपकागदावर शेजारी शेजारी ठेव आणि फक्त ही काडी बघ. पंधरा मिनिटांत हात बसेल. माझा सगळ्यात जास्त भरवसा याच खुणेवर आहे, कारण रंग उन्हाने आणि पाण्याने बदलतो, ही काडी बदलत नाही.

टॅकिनिड घराण्याची आणखी एक खूण आहे, थोडी अवघड, पण पक्की. छातीच्या मागच्या टोकाला त्रिकोणी ढाल असते. माशी कुशीवर ठेवून बाजूने बघितलंस की त्या ढालीच्या खाली आणखी एक फुगीर गादी दिसते. घरमाशीत आणि मांसमाशीत ती अशी फुगलेली नसते. पंखाच्या शिरांचं मात्र मनावर घेऊ नकोस. टोकाकडे वाकलेली शीर ही उझीची खूण म्हणून कोणी सांगेल, पण घरमाशीची शीरसुद्धा तशीच वाकते.

नर-मादी ओळखायची असेल तर नर लांबट, पोटाने अरुंद, आणि पोटाच्या टोकाला खालच्या बाजूने तपकिरी-नारिंगी केस. ट्रेमध्ये माद्या जास्त पडताहेत का, हे बघायला ते उपयोगी पडतं. अंडी तीच घालते, आणि एकेक मादी शेकड्यांनी घालते.

मांसमाशीबद्दल जरा थांबून सांगते, कारण तिच्यावरून फार गैरसमज होतात. फ्लॅचरी किंवा ग्रासरी रोगाने मेलेल्या अळ्या बिछान्यात राहिल्या, सडल्या, वास सुटला की मांसमाशी येते आणि त्यांवर जिवंत किडेच सोडते. दुसऱ्या दिवशी त्या घाणीत वळवळ दिसली की उझी आली म्हणून बोंब होते. खरं तर अळी आधी रोगाने मेलेली असते, किडे नंतरचे. अशा वेळी जाळी दुरुस्त करून उपयोग नसतो. बिछाना साफ करायचा, हवा खेळती ठेवायची आणि पाला ओला टाकायचा नाही. किडा हातात घेऊन मागचं टोक भिंगाखाली धर. मांसमाशीच्या किड्याला तिथे खोल खळगा असतो आणि श्वासाची छिद्रं त्या खळग्यात दडलेली असतात. उझीच्या किड्याच्या मागच्या टोकावर दोन काळे ठिपके उघडे, सहज दिसणारे. शिवाय उझीचा किडा बाहेर पडतो ती अळी किंवा कोष शेवटपर्यंत ताजा असतो, सडलेला नसतो. वास हीसुद्धा ओळखच आहे, ती विसरू नकोस.

बाहेर पडलेला किडा अंधारी, घट्ट जागा शोधतो. फरशीच्या भेगा, रॅकचे पाय, चटईखालची माती, भिंत आणि जमीन मिळते ती फट. तिथे दिवसभराच्या आत त्याचा कोश होतो, तांबूस तपकिरी, साधारण सेंटिमीटरभर, दोन्ही टोकांनी गोल. दहा-बारा दिवसांनी त्यातून माशी निघते. म्हणजे अंड्यापासून माशीपर्यंत सगळं मिळून तीन आठवड्यांच्या आत-बाहेर, आणि आपल्या दोन बॅचमधली मोकळीक त्याहून कमी असली की पहिल्या बॅचची माशी दुसऱ्या बॅचच्या स्वागताला हजर. भेगा सिमेंटने बुजव. केर खताच्या खड्ड्यात टाकू नकोस, किडे तिथेच मातीत उतरतात. तो जाळायचा किंवा उकळत्या पाण्यात घालायचा.

केरात सापडलेले ते तपकिरी कोश फेकण्याआधी मात्र दोन मिनिटं बघ. माशी निघून गेलेला कोश एका टोकाला टोपी उडाल्यासारखा उघडतो. काही कोशांना टोपी जागेवरच असते आणि कुशीला टाचणीने पाडल्यासारखं बारीक गोल भोक असतं. ते भोक नेसोलिंक्स थायमस नावाच्या चिमुकल्या गांधीलमाशीचं. ती उझीच्या कोशात आपली अंडी घालते आणि उझीला आतच संपवते. केंद्रीय रेशीम मंडळाच्या शिफारशीवरून ती शेडमध्ये सोडतात. तू सोडली असशील तर तिचं काम चाललंय की नाही, हे त्या बारीक भोकांवरूनच कळतं. उझीने दुसऱ्याच्या पोरांशी जे केलं, तेच तिच्या पोरांशी करणारी ही. तिला जप.

आता शेडबाहेर चल. येवला, चांदवड, मालेगाव हा आपला सगळा मक्याचा पट्टा, आणि २०१८ साली अमेरिकन लष्करी अळी भारतात आल्यापासून मक्याच्या पोंग्यात ती कायमची. पोंगा उकलून अळी बघताना तिच्या डोक्यामागे पांढरी लांबट अंडी चिकटलेली दिसली तर ती अळी चिरडू नकोस. ती मरणारच आहे, आणि मरताना तिच्यातून आपली राखणदार माशी निघणार आहे. हरभऱ्यावरच्या आणि टोमॅटोवरच्या घाटेअळीलाही अशाच टॅकिनिड माश्या लागतात. कार्सेलिया आणि गोनिऑफ्थॅल्मस ही त्यांतली दोन नावं आपल्या देशात नोंदलेली आहेत. उसातल्या खोडकिडीवर स्टर्मिऑप्सिस इन्फरन्स नावाची माशी आहे. तिची तऱ्हा वेगळी: ती अंडी न घालता खोडाच्या भोकाशी जिवंत बारीक किडे सोडते आणि ते बोगद्यातून आत सरकत खोडकिडीला गाठतात. प्रयोगशाळेत वाढवून ती उसात सोडण्याचं काम आपल्या देशात झालेलं आहे.

शेतातली माशी नेमकी कुठली हे ठरवायचं असेल, तर उडती पकडून उपयोग थोडा. अंडी चिकटलेली अळी बरणीत ठेव, तळाला बोटभर ओलसर माती, तोंडाला मलमल, रोज थोडा ताजा पाला. किडा मातीत उतरेल, कोश होईल, आणि माशी निघेल तेव्हा तुझ्याकडे तिची आणि तिच्या भक्ष्याची जोडीच असेल. कोणत्या अळीतून निघाली हे माहीत असलेली एक माशी जाळीत धरलेल्या पन्नास माश्यांपेक्षा मोलाची. निघाल्या निघाल्या तिचा रंग पाहू नकोस. ताजी माशी फिकट, मऊ असते, पंख चुरगळलेले असतात आणि कपाळाचा फुगा आत-बाहेर होत असतो. त्या फुग्यानेच तिने कोशाची टोपी ढकललेली असते. एक दिवस जाऊ दे, अंग कडक झालं की मग भिंग धर. या बरण्या रेशमाच्या शेडपासून लांब ठेव. उझी इतर पतंगांच्या अळ्यांवरही जगू शकते, त्यामुळे मक्यातल्या अळीतून निघालेली माशी रेशमाला निरुपद्रवी असेलच, असं आधीपासून धरता येत नाही.

भिंगाने घराणं कळतं, पुष्कळदा उझी आहे की नाही हेही कळतं, पण जातीचा शेवटचा शब्द तज्ज्ञाचा. उझीचंच बघ: काही पुस्तकांत तिचं नाव एक्झोरिस्टा बॉम्बिसिस, काहींत एक्झोरिस्टा सॉर्बिलन्स. या जवळजवळच्या जाती वेगळ्या काढायला नराच्या शेपटाकडचे अवयव उघडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. शंका आली की नाशिकच्या जिल्हा रेशीम कार्यालयाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला दाखव. पुढे जायचं झालं तर पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे आणि बेंगळुरूला कीटकांचं राष्ट्रीय ब्यूरो. माशी कोरडी, कापसाशिवाय, काडेपेटीत कागदाच्या घडीवर ठेवून द्यायची. कापसात केस आणि पाय अडकून तुटतात. किडे आधी गरम पाण्यातून काढून मग सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये, नाहीतर काळे पडतात आणि मागचे ठिपके दिसत नाहीत. सोबत चिठ्ठी: गाव, तारीख, कोणत्या अळीतून किंवा कोषातून, अळी कितव्या अवस्थेत होती. चिठ्ठी पेन्सिलीने लिही, शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

एक गोष्ट राहिली, आणि ती तुझ्या घरच्या पुरुषमाणसांनाही ऐकव. उझी बंगालमध्ये जुनीच; १८८० मध्ये लुई आडनावाच्या माणसाने तिचं वर्णन करून नाव ठेवलं. दक्षिणेत ती नव्हती. १९८० मध्ये पश्चिम बंगालमधून आलेल्या कोषांबरोबर ती कर्नाटकात पोचली आणि तिथून शेजारच्या राज्यांत पसरली. शंभर वर्षं एका मुलखात राहिलेली माशी कोषांच्या पोत्यात बसून निघाली. आपणही कोष रामनगरला नेतो, आता २०१८ पासून जालन्याला बाजार झाल्यावर तिकडे नेतो. बाजारात वेगवेगळ्या गावांचे कोष शेजारी शेजारी ओतलेले असतात, त्यातून किडे बाहेर पडत असतात आणि रिकाम्या पोत्याच्या शिवणीत शिरतात. म्हणून गाडी परत आली की पोती शेडमध्ये, पाल्याच्या खोलीत किंवा घराच्या पडवीत उतरवायची नाहीत. अंगणातच उलटी करायची, शिवणी बोटांनी चाचपायच्या, तपकिरी दाणा हाताला लागला तर वेचून जाळायचा, मग पोती उकळत्या पाण्यात बुडवून कडक उन्हात वाळवायची. गाडीचा हौदाही झाडून घ्यायचा, आणि तो केर तिथल्या तिथे पेटवायचा.